मधले दोन काप

“अरे, शेवटी पाइपच तो! भट्टीचा काय अन् पोटाचा काय!”

प्लायवूडच्या आडोशापलीकडून भाऊंचा आवाज आला. ते फोनवर कुणाशी तरी बोलत होते आणि स्वतःच्याच वाक्यावर हसत होते. आडोशाच्या अलीकडे मी काचेच्या टेबलावर वाकून बसले होते. काचेखाली ट्यूबलाइट जळत होती, काचेवर एक काळी फिल्म होती, तिच्यावर ट्रेसिंग पेपर, आणि माझ्या पेन्सिलीखाली एका माणसाच्या पोटातली सर्वांत मोठी रक्तवाहिनी.

नव्वदीची सुरुवात होती. आमचं ऑफिस स्मृतीनगरात एका घराच्या तळमजल्यावर होतं. भिलाईतल्या आणि आसपासच्या छोट्या कारखान्यांना आम्ही पाइपलाइनची ड्रॉइंग करून द्यायचो. गॅसच्या, पाण्याच्या, वाफेच्या. एसीच्या खोलीत दोन कंप्यूटर होते. चपला बाहेर काढून आत जायचं, आणि आत गेलं की आपोआप हळू बोलायचं. मला ते फार सोयीचं वाटायचं.

मी इंजिनिअरिंग करून नुकतीच आलेली, ऑफिसातली एकटी मुलगी. इंग्रजी शाळेत मी एक गोष्ट लवकर शिकले होते. आपण पहिलं वाक्य बोललो की समोरचा प्रश्न विचारतो, आणि दोन-तीन प्रश्नांनंतर तो आडनावावर येतो. आडनाव ऐकलं की काहींचा चेहरा किंचित बदलतो. पहिलं वाक्यच बोललं नाही तर पुढचं सगळं वाचतं. ही सवय शाळेपुरती राहिली नाही. ऑफिसात मी ‘हो’, ‘झालं’ आणि ‘दाखवते’ एवढ्यावर महिना काढू शकत होते.

भाऊ वर्ध्याकडचे, पन्नाशी ओलांडलेले. अर्धं आयुष्य त्यांनी ड्रॉइंग बोर्डावर काढलं होतं. कंप्यूटर आला तेव्हा बरोबरीचे लोक कुरकुरले, भाऊंनी मात्र चार महिन्यांत तो हाताखाली घातला. ऑफिसात मालकही त्यांना भाऊच म्हणायचे. ते कधी कुणाला नाही म्हणत नसत, आणि पोटातल्या पाइपचं काम आमच्याकडे आलं ते त्यामुळेच.

डॉक्टर आले होते आपल्या नव्या नर्सिंग होमच्या ऑक्सिजन लाइनचं ड्रॉइंग घ्यायला. भाऊंनी हौसेनं स्क्रीनवर ती लाइन गोल फिरवून दाखवली. डॉक्टर खुर्ची ओढून बसलेच.

“ये हर तरफ़ से घूमता है?”

“हर तरफ़ से, सर.”

“तो मेरे पेशंट की नली भी ऐसे घुमा सकते हो? स्कॅन मैं दूँगा.”

“बिल्कुल सर,” भाऊ म्हणाले. नंतर माझ्याकडे वळून हळूच, “होऊन जाईन ना वं?”

मी होकारार्थी मान हलवली.

काम असं होतं. सीटी स्कॅनमध्ये पोटाचे आडवे काप दिसतात, काकडीच्या चकत्या कराव्यात तसे. प्रत्येक कापाचं एक चित्र. मणक्याच्या पुढे एक पांढरं वर्तुळ दिसतं, ती महारोहिणी, हृदयातून खाली येणारी मुख्य रक्तवाहिनी. प्रत्येक चित्रातलं ते वर्तुळ मी ट्रेसिंग पेपरवर गिरवायचे, मग पाइपच्या नकाशांसाठी घेतलेल्या डिजिटायझरच्या पाटीवर कागद चिकटवून कडेचा एकेक बिंदू कंप्यूटरात भरायचे. काकडीच्या चकत्या जशा उंचीप्रमाणे परत रचाव्यात तशी ती वर्तुळं एकावर एक रचली आणि कडा जोडल्या की स्क्रीनवर तारेच्या जाळीची एक नळी उभी राहायची. मूत्रपिंडांकडे जाणाऱ्या दोन फांद्या, खाली मांड्यांकडे जाणाऱ्या दोन. आणि मध्ये, जिथं नळी सरळ असायला हवी तिथं, या माणसाच्या नळीला वांग्याएवढा फुगवटा होता.

डॉक्टरांनी मला टेबलाशी उभं राहून नीट समजावलं होतं. फुगवट्याची भिंत पातळ होते, कधीही फुटू शकते. तो कापून तिथं कापडाची कृत्रिम नळी शिवायची. पण त्याआधी वर चिमटा लावून रक्त थांबवावं लागतं. मूत्रपिंडांच्या फांद्या आणि फुगवटा यांच्या मधला जो निरोगी भाग, त्याला ते मान म्हणायचे. मान दोन बोटं लांब असली तर चिमटा तिथं बसतो, आणि ऑपरेशन ते इथं भिलाईत करू शकतात. आखूड असली तर चिमटा फांद्यांच्या वर लावावा लागतो, मूत्रपिंडांचं रक्त बंद होतं, आणि असलं ऑपरेशन त्यांच्या छोट्या नर्सिंग होममध्ये करायचं म्हणजे माणूस टेबलावरच जाऊ शकतो. मग वेल्लोर, नाहीतर मुंबई.

“पोट खोलने के बाद सोचने का टाइम नहीं मिलता,” ते म्हणाले. “मुझे पहले स्क्रीन पर करके देखना है.”

म्हणून मी एक छोटा प्रोग्राम लिहिला. बाणाच्या बटणांनी स्क्रीनवरचा चिमटा नळीवर वर-खाली सरकवायचा. जागा पुरली की हिरवा, फांदीला किंवा फुगवट्याला टेकला की लाल. आज कुणी हसेल. पण तेव्हा संध्याकाळी घरी जाताना मला मोपेडवर गाणं म्हणावंसं वाटायचं.

काम हातात आलं तेव्हा कुणाचं पोट आहे ते मला ठाऊक नव्हतं. फिल्मचं पाकीट नागपूरहून यायचं होतं, कारण स्कॅन तिकडे झालं होतं. ते घेऊन पेशंटच आले. दारात चपला काढताना कुणीतरी खोकलं, आणि तो खोकला मी ओळखला. लहानपणी स्टील प्लांटच्या सेक्टरमधल्या क्वार्टरमध्ये तो आमच्या भिंतीपलीकडून ऐकू यायचा.

“जय भीम, पोरी,” काका म्हणाले. “ओळखलं का?”

“जय भीम, काका.” मी पुटपुटले आणि नकळत भाऊंकडे पाहिलं. भाऊ पाकिटातून फिल्म काढून उजेडाला धरत होते. त्यांचं लक्षही नव्हतं.

काका प्लांटमधल्या कोक ओव्हनवरून, कोळशाच्या भट्ट्यांवरून, निवृत्त झाले होते. क्वार्टर सोडल्यावर ते कॅम्प-१ वस्तीत मुलाच्या सायकल दुकानामागे राहायला गेले होते. काकू बरोबर होत्या. मला पाहून त्यांचे डोळे भरून आले आणि लगेच त्या काकांवर घसरल्या.

“पाह्य ना वं. जनमभर फुगून बसले घरात, आता आतून बी फुगले.”

“पोटात फुगा हाये म्हणे,” काका मला म्हणाले. “डॉक्टर म्हनते, फुटला तं खेल खतम. मी म्हटलं, काढून टाका, नातवाले खेळाले होईन.”

“जिभेले हाड नाई या मानसाच्या,” काकू म्हणाल्या, आणि मग माझा हात धरून हळू आवाजात, “इथंच होऊन जाईन ना वं? वेल्लोरले कोन हाये आपलं? तिथं तं पानी मांगाले बी हाताचे इशारे करा लागन. इथं पोरगा हाये, सून हाये, तुई आई हाये.”

मी म्हटलं, “बघते, काकू.” बघण्याचंच काम होतं माझं.

त्यामुळे फिल्म टेबलावर लावली तेव्हा ते वर्तुळ माझ्यासाठी नुसतं वर्तुळ नव्हतं. भिंतीपलीकडचा माणूस मी कापाकापानं वरून खाली उतरत पाहत होते. यकृत, मूत्रपिंडं, मणक्यावरचं झिजलेलं हाड. कुणाचं इतकं आतलं आपण पाहावं की नाही, असं कधी कधी वाटायचं. तरी पेन्सिल चालू राहायची.

मूत्रपिंडांच्या फांद्या सुटल्या त्या चित्रापर्यंत सगळं स्वच्छ होतं. त्याखालचे दोन काप मात्र वाहून गेले होते. हाड दुहेरी, वर्तुळाच्या जागी पांढरा फराटा. स्कॅनच्या वेळी श्वास रोखून धरायचा असतो. काकांना तिथं खोकला आला असणार. त्याच्या पुढच्या चित्रात फुगवटा सुरू झालेला होता.

म्हणजे जी मान मोजायची होती, तिचंच चित्र नव्हतं.

मी वरची वर्तुळं रचली, खालची रचली, आणि मध्ये जागा रिकामी सोडली. शनिवारी आमच्याकडे नात्यातलं लग्न होतं, म्हणून मी सुट्टी घेतली. सोमवारी येऊन स्क्रीन लावला तर नळी अखंड होती. वरून सरळ गुळगुळीत खाली येत होती आणि निमुळती पसरत फुगवट्याला मिळत होती. मी चिमटा सरकवला. तो हिरवा झाला. दोन बोटं मान, अगदी डॉक्टरांना हवी तेवढी.

“भाऊ, हे...”

“जोडून टाकलं,” भाऊ खुशीत म्हणाले. “वर सरळ रन देला, खाली रिड्यूसर टाकला. मस्त बसलं ना?”

मोठा पाइप लहान पाइपला जोडायचा असला की मध्ये जो निमुळता तुकडा घालतात तो रिड्यूसर. आमच्या कंप्यूटरात त्याची तयार चित्रं होती. पाइपच्या कामात ही रीतच होती. जुन्या कारखान्यात एखादा पाइप भिंतीआड जातो, मोजता येत नाही. दोन्ही टोकं ठाऊक असली की मधला भाग सरळ काढायचा आणि पुढे जायचं. भाऊंनी असे शेकडो पाइप जोडले असतील आणि त्यातले बहुतेक बरोबरच निघाले असतील.

“पण तिथं चित्र नाही आलेलं,” मी म्हटलं.

“अवं, इकडून येऊन राहिला, तिकडं जाऊन राहिला. मधात काय उडी मारन का?”

“फुगवटा वरपासूनच सुरू झाला असेल तर?”

“तसं असतं तं वरच्या चित्रात दिसलं असतं ना.” मग माझा चेहरा पाहून ते नरमले. “तू कावून येवढी टेन्शन घेऊन राहिली?”

“डॅश लाइन ठेवू का तेवढ्या भागाला?”

कागदावरच्या ड्रॉइंगमध्ये न पाहिलेला भाग आम्ही तुटक रेषेनं काढायचो आणि बाजूला ‘साइटवर तपासावे’ असं लिहायचो. भाऊंनीच मला ते शिकवलं होतं.

“स्क्रीनवर तुटका पाइप दिसला तं डॉक्टर घाबरन,” ते म्हणाले. “त्यांनी फिल्म पाहिली हाये ना. त्यांले माईत नाई का?”

त्यांचं बोलणं मला पटावंसं वाटत होतं. डॉक्टरांनी फिल्म पाहिली होती, हे खरंच होतं. पण टेबलाशी बसल्यावर एक गोष्ट डोक्यातून जाईना. कारखान्यात ड्रॉइंग चुकलं तर फिटर ते जागेवर नेऊन बघतो, शिवी हासडतो, पाइप कापतो, पुन्हा वेल्डिंग करतो. आमच्या सगळ्या कामाच्या मागे तो शिवी देणारा फिटर उभा असायचा. इथं जागेवर जाऊन बघणं म्हणजे काकांचं पोट उघडणं होतं.

घरी आईला सांगितलं. ती भाकऱ्या थापत होती.

“मंग डॉक्टरले सांग ना.”

“सांगीन.”

“सांगीन कवा? तोंडात काय भाकर हाये का तुह्या?”

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसातून नर्सिंग होमला फोन केला. डॉक्टर ऑपरेशनमध्ये होते. रिसेप्शनवरच्या बाईंनी विचारलं, “क्या मेसेज देना है? आपका नाम?” माझ्या मनात सगळं वाक्य तयार होतं, इंग्रजीत, नीटनेटकं. “बाद में करती हूँ,” म्हणाले आणि ठेवला.

ते ‘बाद में’ आलंच नाही. बुधवारी सकाळी आम्ही कंप्यूटर चादरीत गुंडाळून ऑटोत घातला, भाऊंनी मॉनिटर मांडीवर बाळासारखा धरला, आणि आम्ही नर्सिंग होमला पोचलो. भिंतींना ताज्या रंगाचा वास होता. डॉक्टरांच्या खोलीत टेबल रिकामं करून ठेवलं होतं. काका-काकू आधीच येऊन बाकावर बसले होते. काकू विहारात जायची ठेवणीतली पांढरी साडी नेसल्या होत्या.

नळी स्क्रीनवर उभी राहिली. भाऊंनी ती सावकाश फिरवली. डॉक्टर पुढे वाकले, चष्मा कपाळावर चढवला आणि बाणाच्या बटणांवर बोटं ठेवली. चिमटा खाली सरकला. फांद्यांपाशी लाल, थोडा खाली येऊन हिरवा. त्यांनी तो उजवीकडून लावून पाहिला, डावीकडून लावला, कृत्रिम नळी वरून बसवून पाहिली. शाळकरी मुलाला नवं खेळणं मिळावं तसे ते दिसत होते, पण खेळत नव्हते. प्रत्येक वेळी चिमटा लागला की ते ओठातल्या ओठात पुढची पायरी म्हणत होते. आता कापायचं, आता वरचा टाका.

“ब्यूटिफुल,” ते म्हणाले. “फ़िल्म में यहाँ कुछ समझ ही नहीं आ रहा था. देखिए, कंप्यूटर ने कितना साफ़ निकाल दिया!”

मी भाऊंकडे पाहिलं. भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच होतं, पण डोळ्यांतून ते गेलं होतं. त्यांनाही आत्ताच कळलं होतं. डॉक्टरांना ठाऊक असेल असं आम्ही धरून चाललो होतो, आणि डॉक्टर धरून चालले होते की कंप्यूटरला ठाऊक आहे. भाऊंनी घसा साफ केला, रुमाल काढला, परत खिशात ठेवला. इतकी वर्षं त्यांनी कुणाला नाही म्हटलं नव्हतं. त्यांना ते जमणार नव्हतं.

“गर्दन दो उँगली पूरी है,” डॉक्टर काकांकडे वळले. “वेल्लोर जाने की ज़रूरत नहीं. यहीं करेंगे, शुक्रवार को.”

काकूंनी डोळे मिटले आणि दोन्ही हात जोडले. मग त्या रडू लागल्या, आवाज न करता, पदर तोंडाशी धरून. इतक्या दिवसांचं ओझं त्या एका वाक्यानं उतरलेलं मला समोर दिसत होतं. मी बोलले तर ते पुन्हा चढणार होतं. परत नागपूर, परत स्कॅन, आणि नंतर कदाचित वेल्लोर. काकांचा फुगवटा तोवर थांबेल याचीही खात्री नव्हती. न बोलले तर कदाचित भाऊंचाच अंदाज खरा निघेल. पाइप खरंच सरळ असेल. कदाचित.

काका उठून स्क्रीनपाशी आले होते. आयुष्यभर भट्टीकडे पाहिलेल्या माणसासारखे डोळे बारीक करून ते त्या हिरव्या जाळीकडे पाहत होते. त्यांनी बोट पुढे नेलं, पण काचेला लावलं नाही.

“हे माह्या आत हाये?” ते म्हणाले. “बाप्पा! येवढं डिझाइन अन् आमाले पत्ता नाई.” मग त्यांनी माझ्याकडे मान वळवली. आता ते विनोद करत नव्हते. “पोरी, तू तं घरची हायेस. शुक्रवारी ह्या डॉक्टरायवर भरोसा ठेवून मी टेबलावर झोपतो. हे पुरं मायंच हाये ना?”

डॉक्टर हसून माझ्याकडे पाहू लागले. काकूंनी पदर बाजूला केला. माझं इंग्रजी वाक्य होतं तिथंच होतं, सगळे शब्द जागच्या जागी, पण काकांनी विचारलेल्या प्रश्नाचं ते उत्तरच नव्हतं. शाळेत गेल्यापासून घराबाहेर, परक्या लोकांसमोर, मी आमची घरची भाषा कधी मोठ्यानं बोलले नव्हते.

“नाई, काका,” मी म्हटलं. “वरचं तुमचं हाये, खालचं तुमचं हाये. पन डॉक्टर जिथं चिमटा लावून राहिले ना, ते मधातलं तुमचं नाई. ते आमी भरलं. तुमी खोकलले तवा तिथला फोटोच नाई आला, अन् फोटोच नाई तं कंप्यूटर कुठून आनन? शुक्रवारी नका झोपू, काका. पयले परत फोटो काढा लागन.”